पत्रातला हरवलेला कर्ता

व्हर्ना टॉलेफसन मिनेसोटातल्या ऑस्टविकच्या विद्यापीठात एका वर्षासाठी म्हणून आल्या आणि एकवीस वर्षं राहिल्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवणारे मास्तर आजारी पडले होते. ते बरे होईपर्यंतची ही सोय. मास्तर बरे झाले, पण परत यायला तयार होईनात. दर आठवड्याला शंभर निबंध वाचण्यापेक्षा आजारपण बरं, असं त्यांनी लेखी कळवलं. मास्तरांच्या हातून आयुष्यात इतकं नेमकं दुसरं काही लिहून झालं नाही, असं व्हर्नाबाई म्हणत.

बाई उंच, हाडकुळ्या. चेहरा इतका गंभीर की आपली थट्टा झाली हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं, कधीकधी दुसऱ्या दिवशी. त्यांच्या वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कंपनीकडून भलताच माल आला की वडील लालबुंद व्हायचे, पण तक्रार लिहायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मग दहा वर्षांच्या व्हर्नाला गल्ल्यामागे बसवायचे. पोरगी शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहायची, ‘चुकीचा पट्टा पाठवला गेला आहे.’ वडील खेकसायचे, “पाठवला गेला म्हणजे? पट्ट्याला पाय फुटले का? कोणी पाठवला ते लिही की!”

पुढे बाईंनी मोठाली पुस्तकं वाचली, डॉक्टरेट घेतली, पण शिकवताना त्या या पट्ट्याच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत.

त्यांच्या वर्गात दरवर्षी पहिल्या निबंधात निम्म्याहून जास्त पोरं अनादि काळापासून सुरुवात करत. हॉकीच्या संघाचा गोलरक्षक ट्रेव्हर स्काऊग याने लिहिलं, ‘अनादि काळापासून मानवाला आइस हॉकीचं आकर्षण वाटत आलं आहे.’

“ट्रेव्हर,” बाई म्हणाल्या, “अनादि काळी बर्फ होता हे मला मान्य आहे. पण काठ्या कोणी वाटल्या?”

वर्ग खिदळला. ट्रेव्हरचे कान लाल झाले.

“तू आपला मागच्या मंगळवारपासून सुरू कर. मंगळवारी काय झालं?”

“मंगळवारी... काही नाही, बाई. सरावात माझा दात पडला.”

“मग दातापासून सुरू कर.”

त्या दाताचा निबंध ट्रेव्हरने चार वेळा लिहिला. शेवटच्या वेळी बाईंनी त्यावर एकही खूण केली नाही, फक्त खाली लिहिलं, ‘दात सापडला का?’

विद्यापीठाचं लेखन केंद्रही बाईच चालवायच्या. ते होतं व्यायामशाळेच्या तळघरात, पोहण्याच्या तलावाला लागून. पूर्वी तिथे टॉवेल ठेवत. दोन खोल्या, सहा टेबलं, आणि भिंतीतून येणारा क्लोरीनचा वास. दमट हवेत कागद अर्ध्या तासात पापडासारखा वाकडा व्हायचा. कोणाचं लिखाण अडलं की त्याने तिथे जावं, आपला कागद पुढे ठेवावा, आणि शिकवणाऱ्याने नुसते प्रश्न विचारावेत, अशी पद्धत. बाईंचा एकच कडक नियम होता: पेन लिहिणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायचं नाही. नव्या शिकवणाऱ्यांचे हात शिवशिवत, म्हणून पहिला महिनाभर त्यांना स्वतःचे तळवे मांडीखाली दाबून बसायला लागायचं.

केंद्रातला बाईंचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे मर्ल ऑस्टबी. वय वर्षं एकसष्ट. एकतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला, मग गुडघा गेला, आणि घरी बसून बायकोच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा म्हणून तो कॉलेजात शिरला. बर्फावरून टँकर गोठ्याच्या दारापर्यंत मागे कसा न्यायचा, यावर त्याने पहिला निबंध लिहिला. तो वाचून बाईंनी त्याला तिथल्या तिथे कामावर घेतलं. मर्लला व्याकरणाचे नियम अर्धेमुर्धेच येत, पण न समजलेलं समजलं असं म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. “हा गुण,” बाई म्हणत, “वरच्या मजल्यांवर फार कमी सापडतो.”

वरच्या मजल्यांवरची मंडळी बाईंना जरा टरकूनच असत, आणि त्याला कारण होतं. इतिहासाच्या एंगेब्रेटसन सरांनी एकदा एका पोराबरोबर चिठ्ठी पाठवली, ‘याचा निबंध दुरुस्त करून पाठवा.’ बाईंनी निबंध बाजूला ठेवला आणि सरांनी पोरांना दिलेला प्रश्नच मागवला. पाच शिकवणाऱ्यांना पाच टेबलांवर बसवून, यात काय करायला सांगितलंय ते लिहा म्हणाल्या. पाच जणांनी पाच वेगळी कामं लिहिली. एकाच्या मते पोरांना चक्क एक नकाशा काढायचा होता. ते पाचही कागद बाईंनी सरांकडे पाठवले, सोबत रूबार्बच्या आंबट देठांच्या, स्वतः केलेल्या वड्या. सरांनी वड्या खाल्ल्या, प्रश्न बदलला, आणि पुढचे दोन महिने बाई दिसल्या की ते दुसऱ्या जिन्याने जात.

त्या वर्षी ऑक्टोबरात बाईंच्या टपालाच्या खणात एक पत्र पडलं. पाठवणारे उपाध्यक्ष डुआइट प्रुइट. प्रुइटसाहेब तीन वर्षांपूर्वी ओहायोकडून आलेले. नीटनेटके, सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि जास्त वेळ उभं राहिलं की कपाळावर घाम यायचा. पत्र असं होतं:

‘विद्यार्थी-यशाच्या दृष्टीने समन्वित सेवांच्या पुनर्रचनेच्या प्रक्रियेचा भाग म्हणून, लेखनविषयक साहाय्याच्या विद्यमान स्थाननिष्ठ स्वरूपाचा पुनर्विचार करण्यात आला असून, तदनुसार जलतरण-परिसरातील उपलब्ध अवकाशाच्या अधिक गतिमान विनियोगाच्या दिशेने पावले उचलण्यात येत आहेत.’

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग केंद्राची कचेरी अर्धवेळ सांभाळणाऱ्या जॉइसपुढे धरलं.

जॉइस चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “अगं व्हर्ना, आपल्याला काढलं का?”

“कळत नाही. बढतीही असेल.”

“पावलं कोण उचलतंय?”

“तेच तर. पावलंच नुसती दिसतायत.”

बाईंनी उपाध्यक्षांच्या कचेरीत फोन केला. तिथली मुलगी अदबीने म्हणाली, “पत्रात सगळं सविस्तर दिलंय, डॉक्टर टॉलेफसन.”

“असं?” बाई म्हणाल्या. “मग आम्ही नीट अभ्यास करतो.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या वर्गात तेवीस पोरांच्या हातात पत्राची एकेक प्रत होती. फळ्यावर बाईंनी लिहिलं: कोण काय करतंय, एका वाक्यात लिहा. वेळ वीस मिनिटं.

वीस मिनिटांनी तेवीस कागद जमा झाले. नऊ जणांच्या मते तलाव बंद होणार होता. पाच जणांच्या मते दुसरा तलाव होणार होता. ट्रेव्हरने लिहिलं की यापुढे निबंध पोहत असताना लिहायचे आहेत आणि त्याची याला हरकत आहे. आणि कायला ब्रॉटन नावाच्या हुशार, चुणचुणीत मुलीने ‘अवकाश’ आणि ‘गतिमान’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठाम लिहिलं की तलावाच्या जागी तारांगण येतंय.

बाईंनी एकालाही चूक म्हटलं नाही. “पत्र तुमच्या भल्यासाठी आहे, तेव्हा शंका ठेवू नका,” त्या शांतपणे म्हणाल्या. “लिखाणात शंका आली की लिहिणाऱ्याला विचारावं. उपाध्यक्षांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. दार ठोठावून जा, टोप्या काढा, आभार मानायला विसरू नका.”

मिनेसोटातली पोरं आज्ञाधारक. दोन दिवसांत तेवीसच्या तेवीस जण एकेक करून वर गेले. प्रत्येकाने दार ठोठावलं, टोपी काढली, आभार मानले. चौदाव्यानंतर कचेरीतल्या मुलीने डोकेदुखीची गोळी घेतली. तलाव बंद होतोय हे ऐकून पोहण्याच्या संघाचे प्रशिक्षक वर गेले, आणि त्यांनी मात्र टोपी काढली नाही. कायलाची आत्या गावातल्या साप्ताहिकात काम करायची. बुधवारच्या अंकात तिसऱ्या पानावर मथळा आला, ‘विद्यापीठात तारांगण?’

गुरुवारी दुपारी दोनला प्रुइटसाहेब स्वतः तळघरात उतरले. हातात पत्र, कपाळावर घाम.

दाराशी मर्ल बसला होता. त्याने हा माणूस याआधी पाहिलेला नव्हता. त्याने नोंदीचा कागद पुढे ओढला. “या, बसा. नाव?”

“डुआइट प्रुइट. मला व्हर्ना...”

“प्रु-इट. कितवं वर्ष?”

“मी उपाध्यक्ष आहे!”

मर्लने कागदावरचे पर्याय वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिले. “ते यात नाही. ‘इतर’वर खूण करतो. काय लिहिताय?”

तेवढ्यात आतून बाई आल्या.

“व्हर्ना, हे काय चालवलंयत तुम्ही?” साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

“तुमचं पत्र चालवून पाहिलं, डुआइट. चाललं नाही.”

“लोक मला तारांगणाबद्दल विचारतायत! काल चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला मला एकाने दुर्बिणीचा व्यास विचारला!”

“मग काय सांगितलंत?”

साहेबांनी कपाळ पुसलं. बाईंनी मर्लकडे पाहिलं. “मर्ल, यांना वेळ आहे का तुझ्याकडे?”

“अडीचपर्यंत मोकळाच आहे.”

“मला शिकवणी नकोय,” साहेब म्हणाले. पण मर्लने खुर्ची ओढली होती, पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि स्वतःचे दोन्ही हात सवयीने मांडीखाली घातले होते. असा माणूस समोर बसला की त्याच्यावर ओरडता येत नाही. साहेब बसले.

बाई मागच्या खोलीत गेल्या. दोन खोल्यांमधली भिंत नुसत्या फळ्यांची. त्यांनी डब्यातलं सँडविच काढलं, खुर्ची भिंतीला टेकवली, आणि कान दिला. खरं सांगायचं तर ही मजा त्यांनी सोमवारपासून मनात रंगवली होती.

“मोठ्याने वाचा,” मर्ल म्हणाला.

साहेबांनी वाचलं. ‘पुनर्रचनेच्या प्रक्रियेचा’पाशी त्यांना श्वास घ्यावा लागला.

“लांब आहे हो,” मर्ल म्हणाला. “माझा टँकर एवढा लांब नव्हता. बरं, ‘पुनर्विचार करण्यात आला.’ कोणी केला?”

“समितीने.”

“समितीत कोण कोण?”

“मी. आणि दोघं जण.”

“ते काय म्हणाले?”

“ते... आले नाहीत. एकाकडे पाहुणे होते.”

“म्हणजे तुम्हीच.”

खुर्ची करकरली. “हो. मीच,” साहेब म्हणाले.

“मग ‘मी’ लिहा की. एका अक्षराचं काम आहे. शाईपण वाचेल.”

भिंतीमागे बाईंनी रुमाल तोंडाला लावला.

“आता काय करताय तुम्ही?” मर्लने विचारलं. “अगदी बायकोला सांगाल तसं सांगा.”

“या भिंतीच्या आतले पाइप कुजलेत,” साहेब म्हणाले. “अभियंता म्हणतो जानेवारीच्या आत इथली माणसं हलवा, नाहीतर एखाद्या दिवशी तलावच आत येईल. मला ग्रंथालयात एकच खोली मिळतेय. दुसरी नाही. चार ठिकाणी विचारलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे का नाही लिहिलंत? मला तर एका दमात कळलं.”

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग साहेब आवाज उतरवून म्हणाले, “तुम्हाला सांगतो म्हणून सांगतो. मला तुमच्या बाईंची भीती वाटते.”

“व्हर्नाची?”

“मी इथे आलो त्या वर्षी सगळ्यांना स्वागताचं पत्र लिहिलं होतं. रात्री जागून. ऑगस्टमधल्या विद्यापीठाच्या सहलीला तळ्याकाठी बाकावर उभं राहून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. दर वाक्यानंतर विचारायच्या, ‘म्हणजे काय?’ सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली. मी बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊन उभा होतो. खाली कुठे ठेवावी ते कळेना. तेव्हापासून लिहायला बसलो की वाटतं, यात असं काही राहायला नको की कोणाला बोट ठेवता येईल.”

बाईंच्या तोंडातला घास तसाच राहिला. सहल त्यांना आठवली. तळं आठवलं, वारा आठवला, आपण फार छान वाचलं होतं हेही आठवलं. बशी घेऊन उभा असलेला माणूस काही केल्या आठवेना. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. एकवीस वर्षं त्या पोरांना सांगत होत्या की वाचणारा डोळ्यासमोर ठेवा. आणि इथे एक माणूस तीन वर्षं त्यांना एकट्यांना डोळ्यासमोर ठेवून धुकं लिहीत होता.

त्यांनी सँडविच कागदात गुंडाळलं. उठल्या, परत बसल्या. मग उठून बाहेर गेल्या.

त्यांना पाहून साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “तुम्ही ऐकत होता?”

“हो,” बाई म्हणाल्या. “मी ऐकत होते. ती भिंत पातळ आहे आणि मी खुर्ची मुद्दाम टेकवली होती. डुआइट, त्या सहलीला मी तुमची थट्टा केली. पत्र काही इतकं वाईट नव्हतं. मला हसवायचं होतं, म्हणून मी ते वाचलं. मी चुकले.”

मर्लने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, “हे बघा, पाच वाक्यांत ‘मी’ आला. असं लिहायचं.”

साहेबांना हसू आलं, पण पुरतं नाही. “पोरांना वर पाठवणं हीही थट्टाच होती ना?”

“ती थट्टाच,” बाई म्हणाल्या. “तिचं मला तेवढं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. प्रशिक्षकाचं वाटतं.”

“त्याने माझ्या टेबलावर शिट्टी आपटली.”

“त्याला मी वड्या पाठवते.”

अडीचपर्यंत पत्र झालं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, मर्ल तेवढा मधेमधे “बरं, मग?” म्हणत राहिला. ‘व्यायामशाळेच्या तळघरातले पाइप कुजले आहेत. म्हणून मी लेखन केंद्र जानेवारीत ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर हलवत आहे. तिथे दोन खोल्यांऐवजी एकच खोली मिळेल. मी आणखी जागा शोधतो आहे. अजून मिळालेली नाही. तलाव चालू राहील. तारांगण होणार नाही.’ बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. बातमी वाईट होती. एक खोली जाणार, तीन टेबलं जाणार. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, “यात मला विचारायला काही शिल्लक नाही.” साहेबांनी तो कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून वर नेला.

मात्र गावाने शेवटचं वाक्य मनावर घेतलं नाही. छापून आलेलं खोटं कसं असेल? निवृत्त झालेल्या एका दंतवैद्याने आपली दुर्बीण ‘तारांगणासाठी’ म्हणून विद्यापीठाला देऊन टाकली. नकार कसा द्यावा ते कोणालाच कळेना, तेव्हा पदार्थविज्ञानवाल्यांनी ती गच्चीवर नेऊन ठेवली. कायला ब्रॉटन तिथे शनि पाहून आली आणि आपलं उत्तर बरोबर होतं असं सगळ्यांना सांगत सुटली.

जानेवारीत केंद्र हललं. बर्फातून टेबलं ओढून नेताना ट्रेव्हर आणि हॉकीचा अख्खा संघ मदतीला होता. नव्या खोलीला खिडकी होती, ऊन यायचं, कागद सरळ राहायचे. बाईंना पहिले काही आठवडे ते सहन होईना. क्लोरीनच्या वासाशिवाय पोरं खरं बोलत नाहीत, असं त्या कुरकुरत. तीनच टेबलं असल्यामुळे पोरांना जिन्यात वाट पाहावी लागे, आणि त्यासाठी बाई दर सोमवारी साहेबांना एक सरळसोट पत्र लिहीत: मला दुसरी खोली हवी आहे. साहेबही दर मंगळवारी उलट टपाली कळवत: मला मिळालेली नाही. असं अकरा आठवडे चाललं. बाराव्या आठवड्यात त्यांनी नकाशांच्या कपाटांमागची एक बोळवजा जागा मोकळी करून दिली. तिथे एक टेबल मावलं.

बाईंच्या खोड्या काही थांबल्या नाहीत. एंगेब्रेटसन सरांना त्या अजून जिन्यात अडवत. पण सभेत कोणाचं लिखाण मोठ्याने वाचायची पाळी आली की आता त्या आधी ते कोणाचं आहे, आणि तो माणूस कुठे बसलाय, ते बघून घेत. जॉइस म्हणाली, “वय झालं तुझं, व्हर्ना.” बाई म्हणाल्या, “नाही गं. नजर सुधारली.”

एप्रिलात, तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला होता त्या दिवसांत, प्रुइटसाहेब एका दुपारी केंद्रात आले. रीतसर वेळ घेऊन, ‘इतर’वर स्वतःच खूण करून. मर्ल मासे धरायला गेला होता, त्यामुळे समोर बाईच बसल्या. साहेब दाराशी क्षणभर घुटमळले, मग बसले.

“मुलीचं लग्न आहे जूनमध्ये,” ते म्हणाले. “जेवणाच्या वेळी बापाने चार शब्द बोलायचे असतात.” आणि त्यांनी दोन टाइप केलेली पानं पुढे ठेवली.

बाईंनी वाचायला घेतलं. ‘या मंगल प्रसंगी उपस्थित सर्व संबंधितांप्रति कृतज्ञता व्यक्त करण्यात येत आहे.’ त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी ओठ दाबून धरले. दुसरं पान वाचलं. खिडकीबाहेर पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “मुलीचं नाव काय, डुआइट?”

“एलिझ.”

“छान नाव आहे. यात कुठे आलंय?”

साहेबांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, उलटून मागचं कोरंही पाहिलं. मान वर केली तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, इतके की डोळ्यांत पाणी आलं. बाई थांबल्या. साहेब पुरते हसायला लागलेत याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि मग त्याही हसल्या.